खंडेनवमीला धुतलेले दगड

खंडेनवमीला आमच्या घाटकोपरच्या कॉलेजात सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागतं. सूक्ष्मदर्शक, वजनकाटा, झेरॉक्सचं मशीन, कुणाची सुटका नाही. त्या वर्षी प्रयोगशाळेतल्या मावशींनी भूशास्त्राचे दगडही सोडले नाहीत. साबण, ब्रश आणि लिंबू घेऊन त्यांनी रूपांतरित खडकांचा अख्खा ट्रे लखलखीत केला आणि प्रत्येक दगडावर झेंडूचं फूल ठेवलं. दगड झकास दिसत होते. लेबलं बादलीत तरंगत होती.

मी तेव्हा कंत्राटी प्राध्यापक, पहिलंच वर्ष. दसरा झाला की प्रॅक्टिकलची परीक्षा. "ट्रे तुमच्या ताब्यात. तो नीट राहिला तरच पुढच्या वर्षी तुम्ही," असं विभागप्रमुख मॅडमनी तोंडावर सांगितलं होतं. त्या चार वाजता ट्रे बघायला येणार होत्या आणि दोन वाजून गेले होते.

मी मावशींवर खेकसलो. "अहो, काय केलंत हे? माझी वाट लावलीत!"

"पूजा केलंय," मावशी म्हणाल्या. त्या मालवणकडच्या, राहायला विक्रोळीला. आमच्यासारखे ओरडणारे त्यांनी कैक पावसाळे पाहिले होते. त्यांनी स्टूल सरकवलं आणि मला बसायला सांगितलं.

बसलो. वर्गात हा धडा मी डोळे मिटून शिकवतो. जमिनीत खोलवर उष्णता आणि दाब मिळाला की खडक न वितळताच बदलतो. चिखलाच्या खडकाची आधी स्लेट, म्हणजे आपली पाटी, होते, दाब वाढला की चमचमता शिस्ट, आणखी वाढला की पट्ट्यापट्ट्यांचा नाइस. काहींत थर दिसतात, काहींत नाहीत, पहिली वर्गवारी तीच. पण हे सगळं मी लेबलांसकट पाहिलेलं. आमच्या उपनगरांच्या पोटात सगळा लाव्हाचा काळा बसाल्ट, रूपांतरित खडक आमच्याकडे खोक्यातून येतात. हाताला लागलेल्या पहिल्याच दगडाला मी ठामपणे पाटी म्हटलं.

"पाटी ही," म्हणत मावशींनी दुसराच दगड पुढे केला. "ह्येचे पापुद्रे सुटतत. तुमच्या हातातल्याची चांदी हाताक लागता."

खरंच, माझी बोटं चकाकत होती. अभ्रकाने भरलेला शिस्ट होता तो! मग मी निमूट विचारत गेलो आणि त्या सांगत गेल्या. पट्ट्यांचा नाइस त्यांना पक्का आठवत होता, कारण कितीही घासला तरी त्याचा कणही सुटला नव्हता. शेवटी उरले दोन पांढरे. थर नाहीत, दिसायला सख्खे भाऊ. एक चुनखडीपासून झालेला संगमरवर, दुसरा वाळूच्या खडकापासून झालेला क्वार्टझाइट. आम्लाचा थेंब टाकला की कळतं, पण आम्लाची बाटली कपाटात आणि किल्ली मॅडमकडे. मी दोन्ही दगड मावशींपुढे धरले.

"ह्येका लिंबू लावलंय तर फेस इलो," मावशी म्हणाल्या. "त्येका कायच झाला नाय."

फेस आला तो संगमरवर. मी लेबलं लिहून चिकटवली तेव्हा चारला पाच मिनिटं होती.

मॅडमनी एकेक दगड उलटसुलट करून पाहिला. "सगळं बरोबर आहे. नवी लेबलं दिसतायत. दगड कुणी ओळखले?"

"मी," मी म्हणालो. मावशी कोपऱ्यात बादली पालथी घालत होत्या.

मॅडम गेल्या. मावशींचा चेहरा फुलला होता. "बरा झाला सर, तुमची नोकरी रवली."

त्या चिडल्या असत्या तर परवडलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगून टाकलं, "मॅडम, दगड मावशींनी ओळखले. मी फक्त लेबलं लिहिली."

मॅडमनी कागदावरून मान वर केली नाही. "कळलंच होतं. तुम्ही एकट्याने ओळखले असते तर दोन तरी चुकले असते. पुढच्या वर्षीचं पत्र परवा घेऊन जा. आणि हा धडा घ्याल तेव्हा मावशींना पुढे उभं करा. तुम्ही मागच्या बाकावर बसा."