लाईट गेल्यावर

उन्हात तापलेल्या ठिबकच्या नळीचा वास आला की मेहरूणमधली भाड्याची खोली आठवते. नव्वदचं दशक सरत आलं होतं, मे महिना होता. मी घराण्यातला पहिला पदवीधर. कोणी शिकवलेलं मला खपत नसे. उन्हानं कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा, म्हणून प्रोसेसरवर तांब्याची पोकळ डबी बसवली आणि कूलरचा पंप व मळ्यातली बारीक नळी जोडून तिच्यातून पाणी फिरवलं. ते बघायला वडील खास गावाहून आले होते. उकिडवे बसून त्यांनी विचारलं, "लाईट गयी ते मोटर बंद पडी. मंग पानी कसं फिरी?" कॉम्प्युटरला बॅटरी होती, पंपाला नव्हती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तरी म्हणालो, "आबा, हे केळीचं शेत नाही." "बरं भाऊ, तू शिकेल शे," शिकलेल्या मुलापुढं माघार घेत ते म्हणाले. दुपारी लाईट गेली. पंप थांबला, कॉम्प्युटर चालूच राहिला. डबी तापली, नळी मऊ पडून निसटली आणि सगळं पाणी आत सांडलं. पडदा काळा झाला. आबांनी आपल्या उपरण्यानं पाणी टिपलं. पुढं ते बरीच वर्षं जगले, पण माझ्या कामातलं त्यांनी परत काही विचारलं नाही. आता माझे केस पिकले. त्यांचं बरोबर होतं, एवढंही मी त्यांना कधी सांगितलं नाही.