साफ्याचा पहिला वेढा

शहाऐंशी साली माझी बदली जयपूरला झाली. मी सिग्नलचा हवालदार, गाव साताऱ्याकडचं. युनिटमध्ये दोन माणसांशी सूर जुळला : सुभेदार भंवरसिंह आणि त्यांचा ड्रायव्हर नाईक इलियास खान. दोघं दिवसभर एकमेकांवर खेकसायचे आणि जेवायला मात्र एकत्र बसायचे.

सुभेदारसाहेबांचं घर जयपूरजवळच्या कानोत्याला. त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात नवरदेवाच्या साफ्याचा, म्हणजे तिकडच्या फेट्याचा, पहिला वेढा इलियासने बांधला. बांधताना मोठ्याने दोन नावं घेतली : "पृथ्वीसिंह. दाऊद खान." मी साहेबांकडे पाहिलं.

"शिंदे, खानवा का नाम सुना है?"

शाळेत घोकलं होतं. मेवाडचे राणा विरुद्ध मुघल. राणा हरले आणि उत्तरेत मुघलांचे पाय घट्ट रोवले गेले. आमचा संबंध परीक्षेपुरता. या घरात मात्र ती लढाई घरचीच होती. पृथ्वीसिंह साहेबांचे पूर्वज, दाऊद खान इलियासच्या मेवाती घराण्यातले. दोघं राणांकडून लढले, एकाच दिवशी पडले. दाऊदच्या भावाने पृथ्वीसिंहांचा साफा घरी आणला आणि त्यांच्या पोराच्या डोक्याला बांधला. तेव्हापासून इथल्या प्रत्येक नवरदेवाला पहिला वेढा त्याच घराण्याचा.

"आणि तू आला नाहीस तर?" मी इलियासला चिडवलं.

"तो दूल्हा कुँवारा रहेगा, शिंदेजी!"

पुढच्या वर्षी युनिट शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेलं. एका सकाळी वायरलेस सेटवर मीच होतो.

"गाडी सुरुंगावर गेली. कॅजुअल्टी एक. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

नाव ऐकलं, लिहून घेतलं आणि साहेबांकडे गेलो. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

परत आल्यावर साहेबांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. इलियासला भाऊ नव्हता, मुलगा नव्हता. साहेब स्वतः मेवातला गेले आणि त्याच्या बायकोला, सकीनाला, लहान मुलीसह घेऊन आले. मंडपात साहेबांचे काका भडकले.

"विधवा के हाथ से? सगुन का काम है!"

"काकोसा, मान घराने का है. वो नहीं बाँधेगी, तो बारात नहीं निकलेगी."

काका बाजूला सरकले. सकीना पुढे झाली.

"पृथ्वीसिंह. दाऊद खान," ती म्हणाली आणि थांबली. वेढा अर्धाच झाला होता. तेवढ्यात साहेब परेडच्या आवाजात म्हणाले, "नाईक इलियास खान."

सकीनाने मान हलवली आणि वेढा पूर्ण केला.

साहेब आता नाहीत. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या नातवाच्या लग्नाला गेलो होतो. साफा बांधायला इलियासची मुलगी आली होती. तिने तीन नावं घेतली. तिसऱ्या नावाला माझे गुडघे कुरकुरले, तरी मी उठून सावधान उभा राहिलो.