कडू चॉकलेटच्या रंगाची लोकर

माझ्या मामीला स्वस्थ बसलेलं पाहिलेला माणूस उभ्या कोल्हापुरात सापडणार नाही. लग्नात अक्षता टाकायच्या तरी तिला विणकामाची एक सुई दातांत धरावी लागे. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये ती चार ओळी विणायची आणि तिसरी होईस्तोवर त्यातल्या तीन उसवायची. लोकर मात्र कायम चॉकलेटी, आणि त्याला कारण मामा. मामांना चॉकलेटचं भारी वेड. साखरेचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी ते बंद केलं, तेव्हा मामांनी तांदळाच्या डब्यात एक वडी लपवली. ती मामीला सापडली. दुसरी कुणी भांडली असती. मामी वडी घेऊन थेट लोकरीच्या दुकानात गेली. "ह्यो रंग पायजे. दुधाचा न्हाय, कडू चॉकलेटचा." दुकानदार गुंडे काढेपर्यंत वडी वितळू लागली. "आटपा की वो, रंग चालला माझा!" म्हणत तिने दुकान डोक्यावर घेतलं. आठवड्यात मामांच्या गळ्यात वडीसारखा चौकोनी खणांचा मफलर आला. "घ्या, ह्यो कितीबी खावा!" मग कानटोपी आली, सायीच्या रंगाची किनार लावलेला स्वेटर आला. आमची थंडी ती केवढी, पण मामा घामाघूम होऊन ते सगळं घालून फिरायला जायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसतोस काय? पथ्य हाय ह्ये माझं."

मागच्या हिवाळ्यात मामांच्या डाव्या पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. ऑपरेशन चालू असताना मामी बाहेरच्या बाकावर पायमोजे विणत होती. विणायची, उसवायची, उठून दाराशी जायची, परत बसायची.

"मामी, जरा थांब की," मी म्हणालो.

"हात थांबला की डोस्कं चालतंय रं," ती म्हणाली.

जखम भरली, तरी मामा पाय पांघरुणाबाहेर काढीनात. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडायचे. एका सकाळी मामी त्यांच्या पायथ्याशी बसली आणि काही न विचारता पांघरूण बाजूला करून मोजे चढवू लागली. उजवा नेहमीसारखा होता. डावा तिने दोन बोटांच्या जागी आत घेऊन पायाच्या नव्या आकाराचा विणला होता. कुठे सुरकुती नाही, कुठे रिकामं टोक लोंबत नाही. मामांनी वाकून त्या टोकावरून हात फिरवला.

"माप कधी घेतलंस?"

"परवा दुपारी तुमचा डोळा लागला व्हता तवा."

मामांनी मामीच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं हळूहळू अंगणापर्यंत गेली. उन्हं चांगली वर आली होती, पण मोजे काढा असं आमच्यातलं कुणी म्हणालं नाही.