नाल्यावरच्या सालईची नोंद

चोपड्याच्या बाजारात दगडफूल विकणाऱ्या कुंदाबाईचं वय त्रेसष्ट. सातपुड्याच्या पायथ्याचं तिचं गाव, आणि माल कुठून आणते हे सख्ख्या सुनेलाही ठाऊक नाही. सून मागावर निघाली की ही उलट्या वाटेला लागून खुशाल बोरं खात बसायची.

एक दिवस देवपूरच्या कॉलेजातली दिपमाला गावच्या झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांची नोंदवही भरायला आली. पंचायतीच्या ओट्यावर कुंदाबाईने आधीच ठाण मांडलं होतं. वहीत रकाने तीन: वर्ग, ठिकाण, स्थिती.

"अक्का, दगडफूल हे फूल नाही, झाडही नाही. बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदतात."

"मंग रांधस कोन?"

"शेवाळ. बुरशी नुसता आसरा देते."

"म्हंजे बुरशी नवरा शे," कुंदाबाईने निकाल दिला. ओट्यावरचे पुरुष तंबाखू मळू लागले.

मग रानपिंगळ्याचा विषय निघाला. घुबडाच्या कुळातला पक्षी, ढोलीत राहतो, भर दिवसा हिंडतो, जगात थोडेच उरलेत. स्थिती: संकटात. दगडफुलापुढे दिपमालाने लिहिलं, 'तपासलेली नाही'.

कुंदाबाई ओट्यावर पुढे सरकली. तिचं दगडफूल नाल्यावरच्या जुन्या सालईचं, आणि त्याच सालईच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी. नव्या रस्त्यासाठी सोमवारी ते झाड पडणार होतं.

"दगडफुलासाठी झाड वाची का?"

"नाही. पिंगळ्यासाठी वाचेल. पण मग त्या झाडाला कुणीच हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

चाळीस वर्षं जपलेली जागा. कुंदाबाईला त्या पिंगळ्याचा मनस्वी राग आला.

"लिख, पोरी. नालावरनी सालई. पन देखाले परवा ये. उद्या माले काम शे."

ठरल्या दिवशी दिपमाला वनरक्षक भूपेंद्रला घेऊन आली. पिंगळा ढोलीच्या तोंडाशी बसून तिघांना निरखत होता. ढोलीभोवतीचं दगडफूल जसंच्या तसं होतं. बाकी सालई मात्र हात पोचेल तिथवर खरवडून लख्ख.

"अक्का, हे काय?"

"पाव्हना येवाव व्हतात, म्हनीसन झाडझूड करी."

भूपेंद्र हसू दाबत झाडाला पाटी बांधू लागला. कुंदाबाईने सालीवरून एकदा हात फिरवला. बोटभर दगडफूल चढायला किती वर्षं लागतात हे तिला पक्कं माहीत होतं. सालई आता उभी राहणार होती, पुन्हा अंगभर भरणार होती, आणि ते बघायला आपण नसणार याचं तिला फार वाईट वाटलं.