महालाची खिडकी

आमच्या कुरुंद्यात हळद शिजवून झाली की मारुतीच्या पारावर दरसाल एकच नाटक व्हायचं. राजा राणीला वनवासाला धाडतो, ते. पार उघडा, मागं पडदा नाही. पुढं बाप्ये बसायचे अन् मागं आम्ही बायका, म्हणजे सगळं नाटक आम्हाला पाठमोरंच. राणीचं काम माझे वडील करायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. महाल सोडताना राणी एकदा मागं वळून बघायची, तेवढाच त्यांचा चेहरा मायला दिसायचा. त्या एका बघण्यासाठी माय ठेवणीतलं लुगडं नेसायची. आम्ही पोरी हसलो की म्हणायची, "हसा गं बायांनो, तुमचंबी लगीन व्हईल."

लढाईच्या दिवसांत घासलेटाची तकलीफ झाली, रात्री बत्त्या लावता येईनात, म्हणून नाटक दुपारी ठेवलं. भर उन्हात उघडा पार भकास दिसेल, म्हणून मंडळींनी महालाचा पडदा करायचं ठरवलं. वसमतचा पेंटर रंगवणार होता, पण मांजरपाटाच्या पट्ट्या जोडायला आल्या आमच्या घरी. माय मुकाट शिवत बसली. पडदा लागला की बायकांना काहीच दिसणार नाही, हे तिला कळत होतं. मला तिचा रागच आला. दादांच्या देखत म्हटलं, "शिवायचं हिनं अन् बघायचं गावानं. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय."

नाटकाच्या दिवशी पुढून झकास महाल, मागून आमच्यापुढं नुसतं पांढरं कापड. "काहून बसायचं इथं?" म्हणत निम्म्या बायका उठून गेल्या. माय तशीच बसून राहिली. पलीकडं राजानं हुकूम सोडला. तेवढ्यात कापडातून चाकूचं टोक बाहेर आलं. पुढून रंगवलेल्या खिडकीच्या तीन बाजू चरचर फाटल्या, कापड वर गेलं अन् कुंकू लावलेलं दादांचं तोंड दिसलं.

राणीनं महालाचा सगळा निरोप त्या खिडकीतून आमच्याकडं बघत घेतला. "राणीसाहेब, इकडं वळा की," पुढून कुणी म्हणालं. दादा वळले नाहीत. पुढं मग बाप्येही गप्प झाले. पाठमोऱ्या राणीचे हलणारे खांदे बघून कितीतरी जण रडले, असं नंतर कळलं. माय तर पदर तोंडाला लावून हमसत होती, अन् मला दादांवर इतकी माया कधीच आली नव्हती.

नव्या पडद्याचं वाटोळं केलं म्हणून मंडळी दादांना लई बोलली. पडदा दुरुस्तीला पुन्हा मायकडंच आला. तिनं सुई घेतली. खिडकी बुजवली नाही. कापलेल्या कडा दुमडून बारीक टिपल्या, पुढच्या साली उसवू नयेत म्हणून.