वेस्ट कोस्टवरचे दोन गुरुवार

आम्हाला घराबाहेर क्रिस्टननेच काढलं. क्रिस्टन अमेरिकेत आयडाहोला राहते, शाळेची बस चालवते, तिला स्वतःची दोन मुलं आहेत आणि गेल्या मार्चमध्ये तिच्या पोटात आमचं बाळ होतं. अकरा वर्षं इंजेक्शनं, दोन देशांतले डॉक्टर आणि तीनदा रिकाम्या हातांनी घरी परतणं, एवढं सगळं झाल्यावर आम्ही सरोगसीपर्यंत पोचलो होतो. शेवटच्या महिन्यांत मी तिला इतके मेसेज करायला लागले की एक दिवस तिने गोड शब्दांत सांगितलं, तुम्ही दोघं कुठेतरी फिरून या, नंतर जमणार नाही. निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्याच संध्याकाळी आमच्या हॅमिल्टनहून दक्षिणेच्या बेटाची, साउथ आयलंडची, विमानाची तिकिटं काढली.

त्यानंतरच्या स्कॅनमध्ये बाळाची वाढ मागे पडल्याचं दिसलं. डॉक्टर म्हणाल्या, दोन आठवड्यांनी पुन्हा बघू आणि मग ठरवू. म्हणजे काय ठरवू, ते मला विचारायचं धाडस झालं नाही. मी ट्रिप रद्द करायला निघाले होते. निखिलने विचारलं, घरी बसून बाळाचं वजन वाढणार आहे का?

मग मुक्कामांचा प्लॅन मीच आखला, तो त्या स्कॅनभोवती. स्कॅन होता गुरुवारी दुपारी दोन वाजता. मी दर गुरुवारी दत्ताचा उपवास करते, त्यामुळे वार बघूनच मला धीर आला. फॉक्स ग्लेशियर या गावापासून पुढे वानाकापर्यंतच्या रस्त्यावर लांबच्या लांब टप्प्यांत फोनला रेंज नसते. म्हणून गुरुवारी फॉक्सला थांबायचं, निकाल ऐकायचा आणि शुक्रवारी पुढे जायचं. हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात मी फार्मासिस्ट आहे, दिवसभर औषधांवरच्या तारखा तपासते. माझ्या प्लॅनवर निखिलने शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

मंगळवारी सकाळच्या विमानाने हॅमिल्टनहून ख्राइस्टचर्चला उतरलो, भाड्याची गाडी घेतली आणि थेट वेस्ट कोस्टला नेणारा आर्थर्स पासचा घाटरस्ता धरला. तुम्ही जाणार असाल तर डोंगर सुरू व्हायच्या आधी टाकी भरून घ्या, पुढे पंप कमी आणि पेट्रोल महाग. घाटात व्ह्यू पॉइंटला गाडी थांबवली की किआ नावाचे हिरवे दांडगट पोपट टपावर येऊन बसतात आणि खिडकीचं रबर कुरतडतात. निखिलने त्यांचे वीस फोटो काढले. मी गाडीतच बसून फोनला रेंज येते का बघत होते. होकिटिकाला पोचेपर्यंत चार तास लागले, त्यातला एक पोपटांनी खाल्ला.

बुधवारी सकाळी होकिटिकातल्या एका दुकानात गेलो. तिथे पोनामू मिळतो, हिरवा दगड, गळ्यात घालायचा. इथली पद्धत अशी की तो स्वतःसाठी घ्यायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा. काउंटरवरच्या माओरी बाईंनी 'किआ ओरा' म्हणून स्वागत केलं आणि कोणासाठी हवाय, असं विचारलं. मैत्रीण म्हणावं तर तितकंच नाही, नात्यातली म्हणावं तर रक्ताचं काही नाही. इतक्या महिन्यांत क्रिस्टनचं नातं एका शब्दात सांगायची वेळ माझ्यावर आली नव्हती. शेवटी मी म्हणाले, आमचं बाळ जिच्या पोटात वाढतंय तिच्यासाठी. परक्या माणसासमोर हे मी पहिल्यांदाच बोलले. मी निवडलेला दगड बाजूला ठेवून बाईंनी आतून दुसरा आणला, गोल वळणाचा, आणि स्वतःच्या तळहातात थोडा वेळ धरून मग माझ्या हातात दिला.

तिथून फॉक्सपर्यंत अडीच तास. वाटेत एकेरी पूल खूप. लाल बाण आपल्या बाजूला असेल तर आपण थांबायचं, एवढं लक्षात ठेवा. भाड्याच्या गाड्यांमधली निम्मी भांडणं याच पुलांवर होत असावीत, आमची तरी झाली.

गुरुवारी पहाटे लेक मॅथेसनला गेलो. वारा सुटायच्या आत गेलात तर अख्खा आओराकी, इथला सगळ्यात उंच डोंगर, पाण्यात उलटा दिसतो. तळ्याभोवती दीड तासाची सोपी वाट आहे. डोंगर खरोखर सुंदर होता आणि मला त्यातलं काही नको होतं. मोटेलवर परत येऊन मी घरून आणलेला साबुदाणा भिजवून खिचडी केली. दोन वाजले. अडीच झाले. तीन वाजता मी क्रिस्टनला एकच मेसेज टाकला, सगळं ठीक ना? उत्तर नाही.

तुमच्यापैकी जे मूल होण्याच्या उपचारांच्या वाटेने गेलेत त्यांना माहीत आहे, वाईट बातमी आधी शांततेत येते. आमच्या तिन्ही वेळा असंच झालं होतं. डॉक्टर स्क्रीनकडे बघत गप्प व्हायचे, किंवा क्लिनिकचा फोन नेहमीच्या वेळी यायचा नाही. साडेतीनला मी निखिलला सांगितलं, काहीतरी झालंय आणि ती सांगायला घाबरतेय. तो म्हणाला, नसेल. चार वाजता तो धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला लागला.

पाचला फोन वाजला. क्रिस्टनचा मेसेज होता: माफ कर, मुलांना झोपवत होते. सगळं ठीक आहे. मीही झोपते आता, उद्या स्कॅन झाला की फोन करते.

निखिलने तो दोनदा वाचला. "उद्या? अगं, तिकडे आत्ता बुधवारची रात्र आहे."

गेले आठ महिने मी तिच्याशी बोलत होते. तिच्याकडे सकाळ कधी, रात्र कधी, सगळं मला पाठ होतं. पण ईमेलमध्ये गुरुवार वाचला आणि तो माझ्या उपवासाचाच गुरुवार आहे, असं मी धरून चालले. मला इतका हवा होता तो. तिचा गुरुवार दुपारी दोन म्हणजे आमचा शुक्रवार सकाळी नऊ. त्या वेळी माझ्या प्लॅनप्रमाणे आम्ही रेंज नसलेल्या रस्त्यावर असणार होतो. मला रडू आलं आणि निखिल हसायला लागला. त्याचं हसू मला बराच वेळ सहन झालं नाही.

शुक्रवारी मोटेल दहाला सोडायचं होतं. मालकीणबाई हेदर चादरी गोळा करत होत्या. निखिलने त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "स्वीट ॲज, काही हरकत नाही, फोन येईपर्यंत बसा." आणि आमची खोली सोडून शेजारची झाडायला गेल्या. मी पुन्हा उपवास धरणार होते. निखिलने टोस्टची बशी समोर ठेवली आणि म्हणाला, देवाला काल कळलंय, आज खा. मी खाल्ला, पण चव कळली नाही.

दहा वाजून दहा मिनिटांनी व्हिडिओ कॉल आला. क्रिस्टन क्लिनिकबाहेर गाडीत बसली होती. ती रडलेली नव्हती, हे मी आधी बघितलं. बाळाचं वजन वाढलं होतं, पण पुरेसं नाही, आणि त्याच्याभोवतीचं पाणी कमी झालं होतं. डॉक्टर आणखी थांबायला तयार नव्हत्या. शनिवारी संध्याकाळी तिला दाखल करून कळा सुरू करणार होते. बाळाचे ठोके उत्तम आहेत, हे तिने तीनदा सांगितलं. मग म्हणाली, लवकर या.

आमची अमेरिकेची तिकिटं दहा दिवसांनंतरची होती. पासपोर्ट हॅमिल्टनच्या कपाटात. मी बोटांवर मोजायला लागले: आज शुक्रवार, रात्री ख्राइस्टचर्च, उद्या घर, उद्या संध्याकाळी ऑकलंडहून विमान, म्हणजे रविवार. "आपण नाही पोचणार," मी म्हणाले. "सगळं झाल्यावर पोचू."

निखिल फोनवर तिकिटं बघत होता. त्याने मान वर केली. "आज तिकडे गुरुवार आहे गं. शनिवारी संध्याकाळी इथून निघालो तर शनिवारी दुपारीच अमेरिकेत उतरतो."

मी हेदरबाईंना मिठी मारली. त्यांच्या हातात झाडू होता.

वानाका आम्ही पाहिलं नाही, त्याबद्दल मला विचारू नका. तेच एकेरी पूल, तोच घाट, साडेपाच तासांत ख्राइस्टचर्च. या वेळी घाटात रेंज गेली तेव्हा मी फोन खाली ठेवला आणि डोंगर बघितले. शनिवारी संध्याकाळी ऑकलंड सोडलं आणि त्याच शनिवारी रात्री आठ वाजता क्रिस्टनच्या पलंगाशेजारी उभे होतो. रविवारी सकाळी मुलगी झाली. दोन किलो शंभर ग्रॅम. रडली, तेव्हा आम्ही तिघंही रडत होतो. पोनामू मी क्रिस्टनच्या गळ्यात बांधला, तेव्हा तिने त्यावर हात ठेवून डोळे मिटले.

कागदपत्रांना सात आठवडे लागले. आता आम्ही हॅमिल्टनच्या घरी आहोत. मुलगी शेजारच्या खोलीत झोपली आहे, म्हणून हे लिहून होतंय. वेस्ट कोस्टला नक्की जा, मार्चमध्ये जा. प्लॅन मात्र दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या.

गुरुवारचा उपवास अजून चालू आहे. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी क्रिस्टनला फोन लावते. पलीकडे रिंग वाजत असते तेवढा वेळ मी अजूनही रिंगा मोजते. मग ती दिसते, गळ्यात हिरवा दगड, मागे तिच्या मुलांचा गोंधळ, आणि मी मुलीला उचलून फोनसमोर धरते. तिच्याकडे तेव्हा गुरुवार असतो.