चिनी मास्तरांचा चहा

चिनी मास्तर त्यांच्याकडची कुस्ती शिकवत, पण पहिले तीन महिने नुसतं उभं राहायला. सकाळी तळ्याच्या काठावर, गुडघे किंचित वाकवून, पोटाशी मोठं भांडं धरल्यासारखे हात ठेवून. कंटाळून कोणी विचारलं, "मास्तर, पुढे काय?" तर म्हणत, "आधी नीट उभा राहा. पडणं आपोआप येतं."

दिवसभर ते बाजारात लोकांना कवळ्या बसवून देत. महायुद्धाच्या दिवसांत कलकत्त्याहून मुंबईला आणि तिथून पनवेलला आले, एवढंच ठाऊक. मायदेशी ते दोन गुरूंकडे शिकले होते. "दोघांचं सगळं विसरलो. उरलं ते माझं," असं सांगत. त्या उरलेल्यात त्यांनी आमच्या खाडीचीही भर घातली. मिठागरातला माणूस निसरड्या चिखलात पाऊल कसं टाकतो, ते तासन्‌तास पाहून त्यांनी स्वतःची चाल बसवली. तालमीतला एक पैलवान एकदा त्यांना ढकलायला आला. मास्तर जरासे वळले आणि पैलवान तळ्यात बसला. त्याला हात देत मास्तर म्हणाले, "जोर बैलाला असतो. माणसानं वाट द्यावी."

नियमानं येणारे आम्ही दोघेच. मी शाळेत कारकून. प्रत्येक हालचाल क्रमांक घालून वहीत उतरवलेली. सात वर्षांत गैरहजेरी चार दिवस. दुसरा हिरू, मिठागरावर राबणारा, माझ्यानंतर पाच वर्षांनी आलेला. क्रम विसरायचा, मधेच हसायचा. पण त्याचं पाऊल पडलं की मास्तर बोलायचं थांबून बघत राहायचे. माझ्याकडे त्यांनी तसं कधी पाहिलं नाही. मी हिरूशी गोड बोलायचो आणि आतून जळायचो.

गुरुपौर्णिमेला मी शाल, नारळ, हार, ताम्हण असं सगळं घेऊन गेलो आणि पाय धुवायला वाकलो. मास्तरांनी दचकून पाय वर घेतले. तेवढ्यात हिरू समोरच्या हॉटेलातून चहा घेऊन आला. मिठानं बोटं फुटलेली, म्हणून कप दोन्ही हातांनी धरलेला. मास्तर तळ्याच्या खालच्या पायरीवर बसलेले, म्हणून त्यानं गुडघा टेकला. "घ्या मास्तर, गरम हाय."

मास्तरांनी कप रिकामा केला. "आजपासून तू माझा शिष्य. घरचा."

त्यांच्याकडे शिष्य असाच होतो, गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी चहा देऊन. हे मला तेव्हा कळलं.

"पण त्याला हे ठाऊकच नव्हतं!" मी ओरडलो.

"म्हणून तर प्यायलो," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गुडघे टेकून चहा दिला. मास्तरांनी तो नेहमीच्या चहासारखा बशीत ओतून अर्धा हिरूला दिला.

पुढे चीनशी युद्ध पेटलं आणि मास्तरांना पनवेल सोडायचा हुकूम आला. शेवटचे तीन दिवस त्यांनी एकट्या हिरूला शिकवलं. मी एस.टी. स्टँडवर पोहोचलो तेव्हा गाडी लागली होती, बरोबर एक पोलीस होता. "वही छान आहे," मास्तर मला म्हणाले. "आता ती मीट."

आठवड्यानं हिरू माझ्या दारात उभा. "दादा, तल्यावर चला. मास्तरांनी शेवटी शिकवला तो दोघांचा खेल हाय. एकल्याला जमत नाय."

"दुसरा कोणी शोध."

"मास्तर बोलले, दुसरे तुमीच."

मनगटाला मनगट टेकवून उभं राहायचं आणि समोरच्याच्या मनातलं त्याच्या हातातून ऐकायचं, असा तो प्रकार. हिरूनं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाला, "दादा, तुमचा माज्यावर लय राग हाय ना?"

मी हो म्हणालो.

त्यानं मनगट काढून घेतलं नाही.